सुट्या शब्दांचा तक्ता

एखादं सॉफ्टवेअर इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणायचं काम येतं, तेव्हा ते सॉफ्टवेअर सहसा बघायला मिळत नाही. मिळतो एक तक्ता. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामा रकाना. लांब वाक्यं भराभर होतात, अडतं ते सुट्या शब्दापाशी.

'ओपन' घ्या. फाइल उघडायचं बटण असेल तर 'आब्रीर'. दुकान उघडं आहे असं सांगायचं असेल तर 'आबिएर्तो', आणि ज्याबद्दल बोलतोय ते स्त्रीलिंगी निघालं तर 'आबिएर्ता'. 'ऑर्डर' तर घाम काढतो. ग्राहकाची मागणी 'पेदीदो', ती नोंदवणं 'पेदीर', यादी क्रमाने लावणं 'ओर्देनार'. 'एल ओर्देन' म्हणजे क्रम, 'ला ओर्देन' म्हणजे हुकूम. नुसतं लिंग बदललं की अर्थ पालटतो. त्यातून मेक्सिकोत टाकोंची एक प्लेटही 'ओर्देन'च!

अशा वेळी मी आधी ओळीचं सांकेतिक नाव वाचते. प्रोग्रामरने त्यात 'बटण' किंवा 'स्टेटस' असं काही लिहिलं असेल तर निम्मं कोडं सुटतं. जुनी भाषांतरं साठवणारी प्रणाली 'शंभर टक्के जुळणी' म्हणत मागच्या कामातला 'आब्रीर' आपोआप भरून ठेवते. लांब वाक्याला ती जुळणी मोलाची. एकट्या शब्दाला मी ती कधीच डोळे मिटून स्वीकारत नाही. चुका तिथूनच शिरतात.

'फ्री'चंही तेच. फुकट असेल तर 'ग्रातिस', मोकळं असेल तर 'लिब्रे'. १९८५ साली स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला आपलं 'फ्री' स्वातंत्र्याचं आहे, किमतीचं नाही, हे इंग्रजीत सतत समजावावं लागतं. स्पॅनिशमध्ये 'सॉफ्टवेअर लिब्रे' म्हटलं की भागतं.

बाकी शंका प्रश्नांच्या यादीत जातात: हा शब्द कुठे दिसतो, कशाबद्दल आहे, पडद्याचं चित्र मिळेल का? हे विचारणं म्हणजे वेळकाढूपणा, असं काही व्यवस्थापकांना वाटतं. मला तोच या कामाचा गाभा वाटतो.

एका कपड्यांच्या दुकानाच्या ॲपमध्ये 'नन' अशी ओळ होती. म्हणजे कोणताही पर्याय निवडलेला नाही. विचारल्यावर कळलं, रंग आणि माप या दोन्ही याद्यांत तीच एक ओळ वापरली आहे. स्पॅनिशमध्ये रंग पुल्लिंगी, म्हणून 'निंगुनो'. कपड्याचं माप स्त्रीलिंगी, म्हणून 'निंगुना'. एका ओळीत दोन्ही बसणं शक्य नव्हतं. प्रोग्रामरला त्या ओळीच्या दोन ओळी करायला सांगितल्या, आणि त्या होईपर्यंत तो रकाना रिकामाच ठेवला.