वजन तेवढेच, जागा वेगळी : घरी बनवलेला पटर

गॉल्फ हा काही आपल्या शाळांच्या मैदानावरचा खेळ नव्हे. तरीही त्यातली एक काठी अशी आहे, की ती घरच्या कार्यशाळेत दोन-तीन दिवसांत बनवता येते आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या पुस्तकातले एक रुक्ष सूत्र हातात आणून ठेवते. तिचे नाव पटर. लांब फटके मारत चेंडू ग्रीनवर, म्हणजे अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर पोचला, की तिथून त्याला जमिनीवरून घरंगळत भोकापर्यंत नेण्याचे काम पटरचे. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, भोक १०.८ सेंटीमीटर व्यासाचे. बघणाऱ्याला वाटते, यात काय कठीण? पण चांगले चांगले खेळाडू इथेच हरतात.

अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणारे कार्स्टन सोल्हाइम हे असेच बेजार झालेले गृहस्थ. जन्म नॉर्वेतला, १९११ सालचा. वडील चांभारकाम करत, आणि तोच धंदा त्यांनीही काही वर्षे केला. गॉल्फची काठी त्यांनी हातात धरली ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. इतर फटके जमू लागले, पण पटरने चेंडू भोकात जाईना. आपण अशा वेळी हाताला दोष देतो. सोल्हाइमना शंका आली ती अवजाराची. त्या काळचा पटर म्हणजे धातूचे साधे पाते असे. चेंडू बरोबर मध्यावर लागला तर ठीक, थोडा बाजूला लागला की पाते दांड्याभोवती पिळले जाई. साखरेच्या चौकोनी वड्या आणि आइसफ्रूटच्या काड्या डिंकाने चिकटवून त्यांनी पहिला नमुना केला असे सांगतात. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटी येथे, राहत्या घराच्या गॅरेजमध्ये त्यांचा पटर तयार झाला. त्यात वजन पात्याच्या दोन टोकांना होते, दांडा मधोमध. चेंडूला लागताच त्यातून ‘पिंग’ असा आवाज येई, म्हणून नावही पिंगच पडले. १९६७ मध्ये नोकरी सोडून त्यांनी याच कामाचा कारखाना काढला.

वजन टोकांना नेल्याने काय साधते? डोंबारी दोरावरून चालताना हातात लांब काठी आडवी धरतो, ते आठवावे. काठीचे वजन त्याच्या अंगापासून दूर पसरलेले असल्यामुळे तो चटकन एका बाजूला कलंडत नाही. तोल सावरायला त्याला उसंत मिळते. एखादी वस्तू फिरवायला किती जड जाईल, हे तिच्या वस्तुमानावर तर अवलंबून असतेच, पण ते वस्तुमान अक्षापासून किती लांब आहे यावर फार जास्त. अंतर दुप्पट केले की अडचण चौपट होते. यालाच मोमेंट ऑफ इनर्शिया, किंवा मराठीत जडत्व आघूर्ण, म्हणतात. विद्यार्थी ‘एम आर वर्ग’ घोकतात, परीक्षेत लिहितातही; मात्र त्यातल्या वर्गाचा धक्का त्यांना कधी बसलेला नसतो. तो बसावा म्हणून आपला पटर थोडा निराळा करायचा. त्याची वजने सरकवता आली पाहिजेत.

१२.५ सेंटीमीटर लांब, २५ मिलिमीटर उंच आणि १२ मिलिमीटर जाड अशी अॅल्युमिनियमची पट्टी घ्या. ती भंगारवाल्याकडे मिळते, वजन साधारण १०० ग्रॅम भरते. तिची चेंडूला लागणारी बाजू कानशीने सपाट करून पॉलिश पेपरने घासा. मागच्या बाजूला, मध्यापासून दोन्हीकडे दीड-दीड आणि पाच-पाच सेंटीमीटरवर मिळून चार खुणा पंचने ठोका. तिथे ५ मिलिमीटरची भोके पाडून ६ मिलिमीटरच्या टॅपने आटे पाडा. टॅप एकदम रेटू नये. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि थेंबभर रॉकेल किंवा तेल. नाहीतर तो आतच मोडतो आणि पट्टी वाया जाते. ड्रिल करताना पट्टी व्हाइसमध्ये पक्की आवळलेली असावी, हाताने धरलेली नसावी, आणि डोळ्यांवर चष्मा हवा.

वजनांसाठी २५ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी गोल सळईचे २६ मिलिमीटरचे दोन तुकडे लेथवाल्याकडून कापून, त्यांना मधोमध भोक पाडून आणा. प्रत्येक तुकडा १०० ग्रॅमच्या आसपास भरतो. जास्त भरला तर कानशीने उतरवा. दोन्ही सारखे असणे महत्त्वाचे. शिसे वितळवून ओतण्याचा मोह होतो, पण त्याची वाफ विषारी असते, तेव्हा ते नकोच. तुकडे पट्टीच्या मागे बोल्टने आवळायचे. बोल्टचे टोक पुढच्या बाजूने डोकावता कामा नये. डोक्याचे एकूण वजन सुमारे ३०० ग्रॅम झाले.

दांडा बसवण्याआधीच मोजणी उरकून घ्यावी. पट्टी आडवी, वजने खालच्या बाजूला, अशी तिला दोन दोऱ्यांनी टांगा. दोऱ्या अर्धा मीटर लांब, एकमेकींना समांतर, मध्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटरवर. पट्टी किंचित पिळून सोडा आणि दहा आंदोलनांचा वेळ घड्याळावर मोजा. हिशेबाने, वजने मध्याजवळ असताना तो १२ सेकंदांच्या जवळपास येतो आणि टोकांना नेल्यावर २२ सेकंदांच्या. तराजूत दोन्ही वेळा वजन तेच! आंदोलनकाल आघूर्णाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे आघूर्ण तीनपटीहून जास्त वाढले. हा आकडा विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा; आम्ही तर म्हणू, सूत्र फळ्यावर त्यानंतरच लिहावे.

आता दांडा. पट्टीच्या वरच्या कडेला मधोमध ८ मिलिमीटरचे भोक उभ्या रेषेपासून २० अंश कलते पाडून त्यात लोखंडी सळईचा तुकडा एरल्डाइटने बसवा, आणि त्यावर हलकी नळी किंवा वेताची काठी. एकूण उंची ८५ सेंटीमीटर ठीक पडते. (गॉल्फच्या नियमांनुसार पटरचा दांडा उभ्या रेषेपासून निदान १० अंश कलता असावाच लागतो.) दांडा दोन बोटांत सैल धरून पात्यावर पेनच्या टोपणाने जागोजागी टिचक्या मारा. जिथे मारल्यावर पाते न पिळता सरळ मागे जाते, तो बिंदू. तिथे वर एक खूण करा. क्रिकेटच्या बॅटीतली ‘गोड जागा’ शोधणाऱ्यांना ही युक्ती लगेच कळेल.

समजा चेंडू या खुणेपासून दोन सेंटीमीटर बाजूला लागला. पात्याला मिळालेल्या गतीचा काही भाग त्याला गरगर फिरवण्यात खर्च होतो आणि तेवढा चेंडूला कमी मिळतो. दांड्याचा आणि हातांचा परिणाम सोडून हिशेब केला, तर वजने मध्याजवळ असताना चेंडूचा वेग साडेसात टक्क्यांनी घटतो, टोकांना असताना सुमारे अडीच टक्क्यांनी. फरक किरकोळ वाटेल. पण घरंगळत जाणारा चेंडू किती अंतर कापतो, हे ढोबळमानाने वेगाच्या वर्गावर ठरते. इथेही वर्ग! पाच मीटरवर थांबायला हवा असलेला चेंडू पहिल्या पटरने ७०-७५ सेंटीमीटर आधीच थांबेल, दुसऱ्याने पाव मीटर आधी. शिवाय पाते फिरल्यामुळे दिशा बिघडते ती वेगळीच. अर्थात नेमच चुकीचा धरला असेल, तर वजने कुठेही नेऊन उपयोग नाही. सोल्हाइमच्या पटरनेही ती चूक सुधारत नाही.

गॉल्फचा चेंडू नसेल तर रबरी चेंडू चालतो. घट्ट ताणलेली सतरंजी ग्रीनसारखी वागते, फरशीवर मात्र चेंडू फार लांब पळतो. हाताचा जोर दर वेळी सारखा राहत नाही, म्हणून पटर दोन खुर्च्यांमध्ये आडव्या काठीला लोलकासारखा टांगावा, ठरावीक उंचीवरून सोडावा आणि चेंडू खुणेपाशी, मग एक, दोन, तीन सेंटीमीटर सरकवत ठेवावा. दर जागी पाच वेळा अंतर मोजले की दोन्ही मांडण्यांचे आलेख एकाच कागदावर काढता येतात. टांगलेल्या पटरला पिळायला वाव राहिला पाहिजे. दांडा काठीला घट्ट बांधला तर दोन्ही आलेख एकमेकांच्या जवळ सरकतील.