चंदेरी रंगावाचून पोलाद

वॉरहॅमरसारख्या टेबलावरच्या युद्धखेळातला शिपाई म्हणजे एक छोटा पुतळा, उंचीला २८ ते ३२ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा. त्याचं चिलखत पोलादी दिसायला हवं, तर सोपा उपाय बाटलीतच मिळतो. चंदेरी रंगात अभ्रकाचा किंवा ॲल्युमिनियमचा बारीक चुरा असतो. खोलीतल्या दिव्याचा उजेड त्यावर पडला की काम भागतं. तरीही असे पुतळे रंगवण्याच्या छंदात मुरलेली माणसं ती बाटली बाजूला सारतात आणि काळा, निळसर राखाडी, पांढरा असे साधे मॅट रंग घेऊन बसतात. या रीतीला ‘नॉन-मेटॅलिक मेटल’ म्हणतात. बोलताना नुसतं एनएमएम.

हा उपद्व्याप कशासाठी? चंदेरी रंगाचा शिपाई सगळीकडून सारखाच मिणमिणतो. खऱ्या घासलेल्या चिलखतात आकाश, जमीन, समोरचा माणूस असं सगळं उमटतं. त्याचा स्वतःचा असा रंग फारसा नसतोच. इवल्याशा पत्र्यावर एवढं उमटायला जागा नाही, शिवाय चुऱ्याचे कण त्या मापाला भरड पडतात. म्हणून प्रतिबिंब हातानंच काढायचं.

गुडघ्यावरची वाटी घ्या, जेमतेम चार मिलिमीटरची. उजेड कुठून येतो ते आधी पक्कं करायचं. वरच्या कडेला गडद निळसर आकाश, ते खाली उतरता उतरता फिकट होत जवळजवळ पांढरं. मग मधली कुठलीही छटा न ठेवता एकदम काळसर तपकिरी क्षितिज, आणि त्याखाली जमिनीचा ऊबदार रंग. आकाशाचा उतार पाण्यासारख्या पातळ रंगाचे थरावर थर देऊन साधतो. क्षितिजाची रेघ मात्र एका दमात मारावी लागते. शेवटी निखळ पांढऱ्याचा एक ठिपका. दंडावरच्या नळीला उभे पट्टे, तलवारीच्या पात्याला मधल्या कण्याच्या दोन्ही अंगांना उलटसुलट उजेड. सोनं हवं असेल तर तपकिरीपासून मातकट पिवळ्यातून हस्तिदंती रंगापर्यंत चढायचं. नवखा माणूस घाबरून मधल्या राखाडीतच रेंगाळतो, आणि त्याचा योद्धा पोलादाऐवजी दगडाचा होतो.

वॉरहॅमर काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीची ‘गोल्डन डेमन’ ही रंगकामाची स्पर्धा ब्रिटनमध्ये १९८७ पासूनची. पण एनएमएम गाजवलं ते २००० नंतरच्या वर्षांत फ्रान्समधल्या रॅकहॅम या पुतळे बनवणाऱ्या कंपनीच्या रंगवणाऱ्यांनी. चमक खऱ्या धातूची लावावी की रंगानं काढावी, हा मूळ वाद मात्र सुमारे सहाशे वर्षांचा आहे. १४३५ मध्ये इटालियन विद्वान आल्बेर्तीनं चित्रकलेवरच्या ग्रंथात बजावलं होतं, की चित्रात सोन्याचा वर्ख लावण्यापेक्षा साध्या रंगांनी सोन्याची झळाळी आणणारा अधिक कौतुकाचा. पुढच्याच वर्षी चित्रकार यान व्हान आइकनं पुरं केलेलं एक चित्र बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये आहे. त्यातल्या सेंट जॉर्जच्या चिलखतावर मरियमेच्या तांबड्या झग्याची छाया पडते आणि ढालीत एक बारकी आकृती दिसते. ती खुद्द चित्रकाराची असावी असं मानतात. आपल्याकडे तंजावरच्या मराठे राजांच्या आश्रयानं बहरलेल्या चित्रांत खरा वर्ख असतो, तर रविवर्म्याच्या नायिकांचे दागिने नुसत्या तैलरंगाचे.

एवढं करून एक उणीव राहतेच. कॅनव्हास समोरून पाहायचा असतो; पुतळा माणूस हातात घेऊन फिरवतो, आणि रंगवलेला उजेड जागचा हलत नाही. तिरक्या बाजूनं बघितलं की पोलादाचे नुसते पट्टे उरतात. खेळाच्या टेबलावर शंभर शिपाई उभे करायचे असतील तर मी बिनदिक्कत चंदेरी बाटलीच उघडीन. हल्ली काहीजण दोन्ही रीती एकत्र करतात: चंदेरी रंगावरच गडद सावल्या चढवून चकाकी नेमक्या जागी राखतात. पण कपाटात ठेवायच्या एकुलत्या योद्ध्यासाठी एनएमएमला तोड नाही. त्याची दर्शनी बाजू ब्रश ओला करण्याआधीच ठरवावी लागते, आणि शेवटचं वार्निश मॅटच लागतं. खोलीतल्या बल्बची खरी चमक पडली की काढलेली चमक उघडी पडते.