सर्वांत मोलाची खेळाडू म्हणजे कोण?

आज अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या एका पुरस्काराबद्दल बोलू या. तुमच्यापैकी काहींच्या मुली शाळेत हा खेळ खेळत असतील. पाच जणींविरुद्ध पाच जणी, मैदानाच्या दोन्ही टोकांना उंचावर कडी, तिच्यातून चेंडू खाली पडला की गुण. अमेरिकेत पगारी खेळाडूंच्या दोन मोठ्या स्पर्धा आहेत. पुरुषांची एनबीए, आणि १९९७ साली सुरू झालेली बायकांची डब्ल्यूएनबीए. दोन्हीकडे साखळी सामने संपले की एक मोठा मान दिला जातो, मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, म्हणजे सर्वांत मोलाची खेळाडू. तिकडे याला थोडक्यात एमव्हीपी म्हणतात. विजेती ठरवण्यासाठी क्रीडा पत्रकार आणि समालोचक मतं देतात.

आता गंमत बघा. 'मोलाची' म्हणजे नेमकी कशी, हे मत देणाऱ्यांना कोणी सांगत नाही. ज्याने त्याने आपल्या मनाने अर्थ लावायचा. आपल्याकडेसुद्धा हा शब्द दुहेरीच आहे. मोलाने कामाला जाणारी बाई वेगळी आणि मोलाचा सल्ला देणारी आजी वेगळी, पण शब्द एकच. तिकडे या एका शब्दावरून दरवर्षी भांडणं होतात. २०२३ साली बायकांच्या स्पर्धेत काय झालं, ते नीट ऐका. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

त्या वर्षी तिघींमध्ये चुरस होती. एजा विल्सन ही लास वेगास एसेसची. तिच्या संघाने ४० पैकी ३४ सामने जिंकले होते, सगळ्या संघांत जास्त. ब्रिॲना स्टुअर्ट त्याच वर्षी न्यूयॉर्क लिबर्टीत आली. आदल्या हंगामात १६ सामने जिंकून २० हरलेला तो संघ यंदा ३२ जिंकला. तिसरी ॲलिसा थॉमस, कनेक्टिकट सनची. तिचे गुण या दोघींपेक्षा बरेच कमी, सामन्यामागे साडेपंधरा. विल्सन आणि स्टुअर्ट दोघी तेविसाच्या आसपास होत्या. पण थॉमसच्या संघातली एक मोठी खेळाडू हंगामाआधीच लिबर्टीकडे गेली होती आणि दुसरी जूनमध्ये जखमी होऊन घरी बसली. दोन्ही खांद्यांची जुनी दुखणी घेऊन थॉमस खेळत राहिली. चेंडू आणायचा तिने, वाटायचा तिने, कडीवरून परत आलेला उचलायचाही तिनेच. संघाने २७ सामने जिंकले.

मतं देणारे ६० जण होते. प्रत्येकाने पाच नावं क्रमाने लिहायची. पहिल्या नावाला १० गुण, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ५, चौथ्याला ३, पाचव्याला १. थॉमसचं नाव २३ जणांनी पहिलं लिहिलं, स्टुअर्टचं २० जणांनी, विल्सनचं १७ जणांनी. म्हणजे थॉमस जिंकली, असं वाटेल. पण स्टुअर्टचं नाव आणखी २३ जणांनी दुसरं आणि उरलेल्या १७ जणांनी तिसरं लिहिलं होतं. दोनशे, एकशे एकसष्ट आणि पंच्याऐंशी, मांडा बेरीज. ४४६. थॉमसची बेरीज ४३९ झाली, विल्सनची ४३३. पुरस्कार स्टुअर्टला मिळाला. एका मतदाराने विल्सनला थेट चौथं लिहिलं होतं, त्याच्यावर तर केवढी टीका झाली!

बेरीज चुकलेली नव्हती आणि लबाडीही कोणी केली नव्हती. माझ्या मते ६० जण एकाच प्रश्नाचं उत्तर देत नव्हते. कोणी विचारलं असेल, सगळ्यांत चांगलं कोण खेळतं? कोणी विचारलं असेल, सगळ्यांत चांगल्या संघाची मुख्य खेळाडू कोण? आणि तिसऱ्याने विचारलं असेल, कोण नसती तर तिचा संघ कोलमडला असता? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिन्हींची उत्तरं एकाच पेटीत टाकून बेरीज केली, तर जे येईल त्याला काय नाव द्यायचं?

पुढच्याच वर्षी, २०२४ साली, विल्सनला हा पुरस्कार मिळाला आणि तोही एकमताने. तिने सामन्यामागे २६.९ गुण केले. एका हंगामात हजार गुण ओलांडणारी डब्ल्यूएनबीएमधली ती पहिली खेळाडू. पण तिच्या संघाने त्या वर्षी २७ सामने जिंकले आणि न्यूयॉर्कने ३२. म्हणजे ज्या वर्षी संघ सगळ्यांत पुढे होता त्या वर्षी ती तिसरी, आणि संघ मागे पडला तेव्हा सर्वानुमते पहिली. २०२४चा निकाल चूक होता असं मी म्हणत नाही, ती खरोखर अफाट खेळली. पण संघाच्या यशाला किती वजन द्यायचं, याचा काही नेम नाही, एवढं यातून दिसतं.

यावर कोणी म्हणेल, आकडे बघा की, ते खोटं बोलत नाहीत. तर आकड्यांची एक जुनी गोष्ट सांगते, पुरुषांच्या स्पर्धेतली, १९६१-६२ च्या हंगामातली. विल्ट चेंबरलेन नावाच्या धिप्पाड खेळाडूने त्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. एका सामन्यात तर एकट्याने १००. हे दोन्ही विक्रम आजवर कोणी मोडलेले नाहीत. तरीही त्या वर्षीचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला बॉस्टनचा बिल रसेल. त्याची सरासरी होती १८.९. त्या काळी या पुरस्कारासाठी खेळाडू स्वतः मतं द्यायचे, पत्रकारांकडे ते काम १९८०-८१ पासून आलं. पत्रकारांनी त्याच वर्षी हंगामातला सर्वोत्तम संघ निवडला, तेव्हा रसेलच्या जागी चेंबरलेनला घेतलं. रसेलला दुसऱ्या संघात ठेवलं.

असं का झालं असेल? रसेलचं मोठं काम होतं बचावाचं. समोरचा चेंडू टाकायला जाई आणि रसेलचा हात मध्ये येई. याला ब्लॉक म्हणतात. एनबीएच्या नोंदवहीत ब्लॉकची अधिकृत मोजणी सुरू झाली ती १९७३-७४ च्या हंगामात. रसेल तोवर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या सगळ्यांत मोठ्या कामाला वहीत रकानाच नव्हता. ज्यांचे चेंडू त्याने अडवले होते, त्यांना मात्र त्याची किंमत ठाऊक होती.

बचत गटात काम करणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. कोणी किती किलो पापड लाटले, ते वहीत असतं. कोणत्या दुकानदाराकडे उधारी अडकली आहे हे लक्षात ठेवणारी, रुसलेल्या दोघींना परत एका पाटावर बसवणारी, तिचा रकाना कुठे असतो? बास्केटबॉलमध्येही असं पुष्कळ आहे. एखादी खेळाडू नुसती आडवी उभी राहते, पाठलाग करणारी तिच्यावर अडते आणि हिच्या मैत्रिणीला मोकळी जागा मिळते. गुण मैत्रिणीच्या नावावर लागतात.

मग काय मोजायचं? एक कसोटी पुष्कळ जण सांगतात, तो खेळाडू नसताना काय झालं ते बघा. १९७७-७८ साली पोर्टलंडच्या बिल वॉल्टनचा पाय दुखावला. तो खेळला त्या ५८ सामन्यांत संघ ४८ जिंकला आणि १० हरला. उरलेल्या २४ सामन्यांत १० जिंकला, १४ हरला. खेळाडूंनी त्यालाच एमव्हीपी केलं. एकूण ८२ पैकी २४ सामन्यांत तो मैदानावर नव्हता, तरीही.

कसोटी पटण्यासारखी आहे, पण तिच्यातही खोट आहे. तुमच्या जागी येणारी राखीव खेळाडू कच्ची असेल तर तुम्ही जास्त मोलाच्या ठरता, आणि ती तयारीची असेल तर कमी. त्यात तुमचं कर्तृत्व काय? विल्सनवर २०२३ साली हाच अन्याय झाला असावा, असं मला वाटतं. सोबतिणी चांगल्या, म्हणून तिचं मोल कमी धरलं गेलं. उलट लिबर्टीची भरभराट सगळी स्टुअर्टच्या खात्यावर मांडणंही बरोबर नाही, त्या वर्षी तिच्याबरोबर आणखी मोठ्या खेळाडू तिथे आल्या होत्या.

आता वॉल्टनसारखा निकाल एनबीएत लागूच शकत नाही. २०२३-२४ पासून तिथे नियम आला की साधारणपणे किमान ६५ सामने खेळलेल्यालाच हा पुरस्कार. नामवंत खेळाडू विश्रांतीच्या नावाखाली बसायचे आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक हिरमुसायचे, म्हणून हा नियम. कारण समजतं. पण बायकांच्या स्पर्धेत असा आकडा डोळे मिटून आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेरिल स्वूप्सचं उदाहरण घ्या. डब्ल्यूएनबीएचा पहिलाच हंगाम सुरू होत होता आणि ती बाळंत झाली. साधारण सहा आठवड्यांनी ती मैदानावर उतरली. पुढे २०००, २००२ आणि २००५ अशी तीनदा ती एमव्हीपी झाली. बाळंतपणासाठी बाहेर राहिलेली आणि कंटाळून बाहेर बसलेली, या दोघींना एकाच फूटपट्टीने मोजायचं का?

काही जाणकार म्हणतात, व्याख्या नसलेलीच बरी. वाद होतात, लोक बोलतात, खेळाची चर्चा राहते. चहाच्या टपरीवरच्या गप्पांसाठी ते ठीक आहे. पण हा नुसता करंडक नाही. एनबीएमध्ये एमव्हीपी झालेल्या खेळाडूला, काही अटी पूर्ण असतील तर, पुढच्या करारात जास्त मोठी रक्कम मागता येते. ज्यावर माणसाची कमाई ठरते, ते कशासाठी दिलं हे लिहिलेलं नको?

आपल्याकडच्या कबड्डी स्पर्धा आठवा. उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, अष्टपैलू खेळाडू, अशी वेगवेगळी बक्षिसं असतात. नाव ऐकलं की कळतं कशाबद्दल दिलं. एमव्हीपीचं तसं करता येईल. मतपत्रिकेवर वरच एक वाक्य छापावं. त्या हंगामातल्या साखळी सामन्यांत आपल्या संघाला जिंकून देण्यात जिचा वाटा सर्वांत मोठा, ती. त्याखाली लिहावं की वाटा म्हणजे गुण, बचाव आणि सोबतिणींचा खेळ सुधारणं, तिन्ही. जितके सामने खेळली त्याप्रमाणे वाटा आपोआप कमी-जास्त होतो, वेगळ्या आकड्याची गरज नाही. आधी किती वेळा जिंकली, कोणाची कहाणी हृदयाला भिडते, हे बघू नये. बाद फेरीचाही यात संबंध नको. अंतिम फेरीसाठी वेगळा पुरस्कार आहेच, २०२३ साली तो विल्सनला मिळाला. आणि नुसतं सर्वांत चांगलं कोण खेळतं, याचं उत्तर हवं असेल तर त्यालाही वेगळा पुरस्कार द्यावा, संघ कितवा आला हे न पाहता.

एक गोष्ट मात्र मी जुनीच परत आणीन. निम्मी मतं खेळाडूंना द्यावीत. खेळाडूंमध्येही हेवेदावे असतात, मान्य. पण अंगावर धावून येणाऱ्या थॉमसला अडवताना काय दमछाक होते, हे पत्रकारांच्या खुर्चीतून पुरतं दिसत नाही.