सात प्रवासी, एक विषाणू

विषाणू पेशीत शिरला की स्वतःच्या जनुकीय मजकुराच्या नकला काढू लागतो. कोविड-१९च्या विषाणूचा हा मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा आहे. नकला उतरवताना क्वचित एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या नकलांत तशीच उतरत जाते. ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथ्यांमधले पाठभेद पाहून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली असावी याचा अंदाज बांधतात, तीच ही रीत. साथीच्या पहिल्या वर्षात या विषाणूत महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहत होते. एवढा वेग माग काढायला पुरेसा असतो.

जनुकीय क्रमनिर्धारण, म्हणजेच जिनोम सिक्वेन्सिंग, सुरू होते ते नाका-घशातून घेतलेल्या नमुन्यापासून. विषाणूच्या आरएनएवरून डीएनए तयार करतात, त्याचे छोटे तुकडे पीसीआरने वाढवतात, यंत्र ते वाचते आणि संगणक ते जोडून सलग मजकूर उभा करतो. मग वुहानमधल्या मूळ नमुन्याशी आणि जगभरच्या नोंदींशी त्याची तुलना होते.

या पद्धतीची ताकद न्यूझीलंडमधल्या एका प्रकरणात फार स्पष्ट दिसली. दुबईहून निघालेले विमान २९ सप्टेंबर २०२० रोजी ऑकलंडला उतरले. वाटेत इंधनासाठी क्वालालंपूरचा थांबा धरून प्रवास सुमारे १८ तासांचा. विमानात ८६ प्रवासी होते. तिथल्या नियमाप्रमाणे सर्वांना १४ दिवस विलगीकरणात ठेवले गेले आणि तपासण्यांत ७ जण बाधित निघाले. हे सातजण दुबईत पोहोचले होते पाच वेगवेगळ्या देशांतून; त्यांपैकी पाचजणांचे निघण्यापूर्वीचे अहवाल निगेटिव्ह होते. प्रत्येकाने आपापल्या देशातून संसर्ग आणला, असे समजणे सहज शक्य होते.

क्रमनिर्धारणाने ते खोटे ठरवले. सातही विषाणूंचा मजकूर एकच होता. एका नमुन्यात तेवढे एक अक्षर वेगळे. जागतिक नोंदींत त्याच्याशी सर्वांत जवळचे नमुने स्वित्झर्लंडमधले सापडले, आणि सातांपैकी दोघे तिथूनच आले होते. आसनांचा नकाशा काढल्यावर सातही जण चार रांगांच्या आत, मधल्या वाटेलगतच्या जागांवर बसलेले आढळले. दोघे आधीच बाधित असावेत, चौघांना विमानात लागण झाली असावी आणि एकाला विलगीकरणात, असा निष्कर्ष संशोधकांनी मांडला.

मात्र हा निष्कर्ष एकट्या अक्षरांनी दिलेला नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. दोन नमुने तंतोतंत जुळले तरी कोणाकडून कोणाला लागण झाली हे त्यातून कळत नाही. दोघांनाही तिसऱ्याच कोणाकडून ती झालेली असू शकते. शिवाय एकच प्रकार गावभर पसरलेला असेल, तर जुळणीला फारसा अर्थ राहत नाही. दिशा ठरते ती लक्षणे दिसल्याच्या तारखा, आसने आणि प्रवासाचा मार्ग यांवरून. उलट बाजूने पाहता, मजकुरात पुरेसा फरक असेल तर थेट संसर्गाची शंका बऱ्याच खात्रीने दूर करता येते. नाकारण्याच्या कामात ही पद्धत अधिक भरवशाची आहे.

भारतातले पहिले कोविड रुग्ण जानेवारी-फेब्रुवारी २०२० मध्ये केरळात सापडले. तिघेही वुहानहून परतलेले विद्यार्थी. त्यांपैकी दोघांच्या विषाणूंचा संपूर्ण मजकूर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वाचला, तेव्हा दोन्हींत फरक दिसला: शहर एक असूनही विषाणू देशात वेगवेगळ्या वाटांनी आला होता. पुढे डिसेंबर २०२० मध्ये देशभरच्या प्रयोगशाळांना जोडणारे इन्साकॉग हे जाळे उभे राहिले आणि परदेशातून येणाऱ्या बाधितांचे नमुने त्यात तपासले जाऊ लागले.

परगावाहून वा परदेशातून परतल्यावर ताप आला, तर कुठे गेलो होतो, कधी परतलो आणि सोबत कोण होते हे डॉक्टरांना तारखांसह सांगावे. नमुन्यातल्या अक्षरांत ही माहिती नसते.