रक्तातला विळा

मी विदर्भातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आमच्याच वस्तीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. महिन्यातून चार-आठ दिवस गैरहजर. सांधे ठणकत, डोळे पिवळे पडत. कोणी म्हणे कामचुकार, कोणी म्हणे बाहेरचे लागले. रक्त तपासले तेव्हा सिकलसेल निघाला.

या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. रोगी ग्रेनाडा बेटावरून आलेला, दंतवैद्यक शिकणारा तरुण. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्या. लेखात त्याचे नाव नाही, वंश मात्र आहे. वॉल्टर क्लेमेंट नोएल हे नाव संशोधकांनी अनेक दशकांनी शोधून काढले. माणसाचे नाव गाळून जन्म तेवढा टिपण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच. प्राणवायू कमी पडला की असे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी ताठ व वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्याच त्या वेदना. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवस. म्हणून रक्तक्षय, म्हणून कावीळ.

मग हा रोग आदिवासींत आणि आपल्या समाजात अधिक का? मागच्या जन्मीचे पाप म्हणून नव्हे. ज्याच्याकडे एकच सदोष जनुक असते, त्या वाहकाला सहसा त्रास होत नाही. उलट जीवघेण्या मलेरियापासून त्याचे काहीसे रक्षण होते. मलेरियाच्या मुलखात हे जनुक म्हणूनच टिकले. पुढे जातीतल्या जातीत लग्ने होत राहिली आणि ते तिथेच फिरत राहिले. इतर जातींतही ते आहेच.

आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी निघण्याची शक्यता २५ टक्के. दोष दोघांकडून येतो. तरी त्या मुलाच्या आईलाच घरात बोल लावला गेला, आणि बहीण केवळ वाहक निघाली म्हणून तिची सोयरीक मोडली. तेव्हापासून वस्तीत लोक तपासणी टाळू लागले.

केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. हायड्रॉक्सियुरियाने अनेकांच्या वेदना कमी होतात. पण लग्नाआधी मुलाचेही रक्त तपासा, हे सरकारने सांगून भागणार नाही. ते आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले पाहिजे.