हापूसची थेट विक्री, पृच्छांची नोंद आणि स्वयंचलन

आपला आंबा कोण खातो, हे रत्नागिरीच्या बागायतदाराला दीर्घ काळ ठाऊकच नव्हते. पेटी भरून मुंबईस, आधी क्रॉफर्ड मार्केटात व पुढे वाशीच्या बाजारात, रवाना करावयाची; अडत्याने ती विकावयाची; आणि हमाली, आडत वजा करून आलेल्या रकमेची ‘पट्टी’ काही दिवसांनी हाती पडावयाची. त्या पट्टीवर आकडे असत, ग्राहकाचे नाव नसे. आजही पुष्कळ माल याच वाटेने जातो.

२०१६ साली महाराष्ट्रात फळे व भाजीपाला यांचा बाजार-आवाराबाहेरील व्यवहार नियमनमुक्त झाला, २०१८ च्या ऑक्टोबरात हापूसला भौगोलिक मानांकन लाभले, आणि २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांकडे थेट पेट्या पाठविण्याची चाल वाढली. त्याबरोबर गिऱ्हाईक शोधण्याचे कामही बागायतदाराच्या अंगावर आले. एरवी ते अडत्या करीत असे व आडत घेत असे ती काही अंशी याचसाठी, हे त्याला नावे ठेवताना आपण सहसा विसरतो.

व्यापारी परिभाषेत जिला ‘लीड’ म्हणतात ती, म्हणजे खरेदीची इच्छा दाखविणाऱ्याची नोंद, येथे कशी जमते ते पाहू. ‘पेटीचा भाव काय?’, ‘पुण्यास पोहोचेल काय?’, ‘फळ तयार की कच्चे?’ ही तीनचार वाक्ये एप्रिलात दिवसभर येत राहतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत तोडणी, प्रतवारी व पेट्या भरणे चालू असते. झाडावर चढलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, व उत्तर न मिळालेला ग्राहक दुसरीकडे वळतो. २०१८ च्या जानेवारीत निघालेल्या व्हॉट्सॲप बिझनेससारख्या साधनात स्वागताचा निरोप आपोआप जातो, ठरीव उत्तरे साठविता येतात, आणि प्रत्येक पृच्छेस ‘नवी’, ‘येणे बाकी’ अशी खूण लावता येते. पुढची पायरी म्हणजे एका नमुन्यात गाव, पिनकोड व हवी असलेली डझने भरून घेऊन त्यांवरून गाववार याद्या आपोआप तयार करविणे. यात विचार थोडा व उरक फार. म्हणून ते यंत्राकडे जावे.

परंतु अवकाळी पाऊस येईल काय, फळात साका निघेल काय, यांचे उत्तर यंत्राजवळ नाही. साका तर बाहेरून दिसतही नाही, फळ कापल्यावरच कळतो. म्हणून ‘अमुक तारखेस पेटी मिळेल’ हे वचन आपोआप जाऊ देऊ नये, असे आमचे मत आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न यादीच्या मालकीचा. विक्री दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून झाली, तर नावे-पत्ते बहुधा तिकडेच राहतात. बागायतदाराच्या हाती पुन्हा पट्टीच पडते, फक्त ती आता पडद्यावर दिसते. तेव्हा साधन निवडताना किती श्रम वाचतील याच्या आधी, यादी आपल्याला उचलून नेता येईल काय, हे विचारावयास हवे. यादीबरोबर जबाबदारीही येते. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख संमतीवर व ठरलेल्या प्रयोजनावर आहे. आंब्यासाठी दिलेला क्रमांक शेजाऱ्याच्या कोकम-सरबताच्या जाहिरातीसाठी परस्पर देणे त्यात बसत नाही. विकत मिळणाऱ्या क्रमांकांच्या याद्यांविषयी तर बोलावयासच नको.

पाऊस लागला की पृच्छा थांबतात. यादीतील चुकलेले पत्ते दुरुस्त करण्यास, दुबार नावे काढण्यास आणि पुढील हंगामाचे निरोप नको असलेल्यांना वगळण्यास तेच दिवस सोयीचे.