बाळंतपणाच्या रजेत राजीनामा देताना

बाळंतपणाची पगारी रजा चालू असताना आपल्याला नोकरी सोडावीशी वाटली, तर सोडता येते. बंधन मालकावर असतं. या रजेत आपल्याला कामावरून काढणं बेकायदा आहे. त्यामुळेच काही ठिकाणी ‘तुम्हीच राजीनामा देऊन टाका ना’ असा गोड आवाजात फोन येतो. अशा फोनवर होकार देऊ नये. निर्णय आपला असेल तरच पुढे जावं.

पत्र लिहिण्याआधी रजेचा हिशेब मांडावा. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली झालेल्या सुधारणेपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: सेवेचा शेवटचा दिवस. घाईत ‘तात्काळ कार्यमुक्त करावे’ असं लिहिलं, की उरलेल्या आठवड्यांच्या पगारावरून वाद सुरू होतात. म्हणून शेवटचा दिवस रजा संपल्यानंतरचाच असावा आणि ती तारीख पत्रात स्पष्ट लिहावी.

ही तारीख ठरवण्यापूर्वी रुजू झाल्याची तारीखही पाहावी. ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, साधारणपणे सलग पाच वर्षांनंतर मिळते. बाळंतपणाची २६ आठवड्यांपर्यंतची रजा या सलग सेवेत धरली जाते. पाच वर्षं भरायला दोन-तीन महिनेच कमी असतील, तर थोडं थांबलेलं बरं.

मग नोटीस पिरियड, म्हणजे सोडण्याआधी द्यायची मुदत. रजेचे दिवस त्यात धरायचे की नाहीत, हे नेमणूकपत्रावर आणि कंपनीच्या नियमांवर ठरतं. एचआरने तोंडी ‘चालेल’ म्हटलं आणि हिशेबात महिन्याचा पगार कापला गेला, हे वारंवार घडतं. हे ईमेलवरच विचारावं, उत्तरही लेखी घ्यावं.

‘परत येणार नसाल तर रजेतला पगार भरा’ अशी मागणी झाली, तर घाबरू नये. कायद्यात अशा परतफेडीची तरतूद नाही, आणि कायद्याने दिलेला हक्क करारातलं कलम हिरावून घेऊ शकत नाही. शांतपणे हेच लेखी कळवावं.

कंपनीचा गट आरोग्यविमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो, बाळाचाही. तान्ह्या बाळाला विम्याविना एक दिवसही ठेवू नये. कंपनीचा विमा चालू असतानाच स्वतःची पॉलिसी घ्यावी.

शेवटी भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ. सलग पाच वर्षांआधी काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो, म्हणून गरज नसेल तर हात लावू नये. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पीएफच्या नोंदीत भरली का, ते तपासावं. भरली नसेल, तर दोन महिन्यांनंतर आपल्याला स्वतःच ती ऑनलाइन भरता येते.